पहिल्या रांगेतली जीप

तुमची गाडी कुणाच्या वाटेत उभी आहे, हे तुम्ही कधी खाली उतरून पाहिलंय का?

गाडीच नाही म्हणाल, तर माझ्याकडेही नाही. सिंगापुरात गाडी घेणं माझ्या पगारात बसत नाही, आणि बुकित पंजांगच्या भाड्याच्या खोलीतून वन-नॉर्थच्या ऑफिसात जायला तिची गरजही पडत नाही. तरी प्रश्न मागे घेत नाही.

इथल्या मराठी मंडळींच्या अंकाचं काम बघणाऱ्या काकूंनी मला लेख मागितला. विषय दिला, हरवलेलं गाव. फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "हलकंफुलकं लिही हं. मागच्या वेळचं तुझं जरा पत्रकासारखं झालं होतं." मी म्हटलं, आमच्या गावाबाहेर गाडीत बसून सिनेमा बघायचं एक थिएटर होतं, त्यावर लिहिते. काकू खूश झाल्या. मीही झाले. त्यात भांडण्यासारखं काही निघेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं.

आमचं तालुक्याचं गाव, हायवेपासून थोडं आत. हायवेवरच्या पेट्रोल पंपाच्या मालकाने कुठल्याशा मोठ्या शहरात गाडीत बसून सिनेमा बघितला आणि ते त्याच्या डोक्यात बसलं. पंपामागे त्याचा माळ होता. मुरमाड, कुसळांशिवाय काही न उगवणारा. तिथे त्याने तीन मजली उंच भिंत बांधून पांढरी रंगवली, समोर गाड्या उभ्या करायला मातीचे उंचवटे केले, खांबांवर स्पीकर टांगले आणि जुना प्रोजेक्टर आणून बसवला. पाटीवर ड्राइव्ह-इन असं लिहिलं होतं. गाव त्याला गाडी-टॉकीज म्हणायचं.

अडचण एकच होती. गावात गाड्या नव्हत्या. डॉक्टरांची एक, साखर कारखान्याच्या साहेबांच्या दोन-तीन, आणि काही जुन्या जिपा. पंपवाल्याने मग जाहीर केलं की इंजिन असेल ती गाडी, आणि तिकीट गाडीला, माणसांना नाही. त्या दिवसापासून माळ भरायला लागला. ट्रॅक्टर आले, ट्रॉलीत अख्खी गल्ली घेऊन. दुधाचे टेम्पो आले. एकदा रोडरोलरही आला होता आणि दारावर बराच वाद होऊन त्याला आत सोडलं होतं. ट्रॅक्टर उंच म्हणून ते शेवटच्या रांगेत. स्पीकर निम्मे मुके होते, त्यामुळे आपल्या खांबाचा आवाज येत नसला की लोक सतरंजी उचलून शेजारच्या गाडीपाशी जाऊन बसायचे. उकडलेल्या शेंगांची टरफलं इतकी पडायची की चालताना पाय वाजायचे.

आत-बाहेर करायला एकच फाटक होतं, पंपाच्या बाजूने, सगळ्यांत मागे. बाकी तिन्हीकडे तारेचं कुंपण. म्हणजे जो लवकर आला त्याला पहिली रांग, आणि जो पहिल्या रांगेत तो सगळ्यांत शेवटी बाहेर. मागची रांग हलल्याशिवाय पुढचीला वाट नाही. सिनेमा आवडो न आवडो, पोटात दुखो, लेकरू रडो, बसायचं.

आमच्या घरच्यांना नेमकं हेच आवडायचं. बाबांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि उरलेला वेळ, शाई, कागद सगळं पत्रकांत जायचं. वस्तीला नळ द्या. कारखान्यातल्या रोजंदारीवाल्यांना कायम करा. मुलींच्या शाळेच्या वेळेला एसटी सोडा. पिवळा आणि गुलाबी कागद स्वस्त पडायचा, म्हणून आमच्या घरात न्याय कायम त्याच दोन रंगांचा असायचा. कपाटाच्या फळ्यांवर पत्रकं अंथरलेली, पोळ्यांच्या डब्याखाली पत्रक, माझ्या वह्यांना कव्हर पत्रकांचं. मी वाचायला शिकले तेव्हा पहिला शब्द लावला तो 'जाहीर'.

गाडी-टॉकीजला आम्ही छापखान्याच्या मॅटाडोरमधून जायचो. मध्यंतर झालं की आई, ताई आणि मी एकेक रांग वाटून घ्यायचो आणि प्रत्येक गाडीच्या वायपरखाली पत्रक लावायचो. ट्रॅक्टरला वायपर नसतो, त्याच्या स्टिअरिंगमध्ये खोचायचं. आईचा नियम होता की पत्रक मध्यंतराच्या दिव्यात वाचून व्हायला हवं, म्हणून मजकूर लहान. बाबा म्हणायचे, "चौकात दिलं तर माणूस चार पावलांवर टाकून देतो. इथून पळून जाणार कुठं?" आणि हसायचे. आम्हीही हसायचो. अडकलेला माणूस आम्हाला फार सोयीचा होता.

ते हसू मला अलीकडे आठवतं, आणि माझं तोंड कडू होतं.

ताई माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. ती आता मरीन परेडला एका कॉन्डोत राहते, भावोजी आणि सहा वर्षांच्या लेकीबरोबर. भावोजी बँकेत आहेत. मी दर रविवारी तिच्याकडे जेवायला जाते. खिडकीतून समुद्र दिसतो आणि समुद्रात थांबलेली जहाजं. भाची लहान होती तेव्हा ती जहाजं मोजायची. आता तिला कंटाळा आलाय. "मावशी, दे नेव्हर मूव्ह वन," ती कधी हलतच नाहीत, असं म्हणून तिने तो खेळ सोडून दिला.

ताई गावातल्या अनुदानित शाळेत गणित शिकवायची. कमी मानधनावर शिक्षणसेवक म्हणून वर्षं काढली, तेव्हा कुठे कायम झाली. भावोजींची इथे बदली झाली तेव्हा तिने बिनपगारी रजा टाकली. थोडे दिवस जाऊ, बघू, असं ठरलं होतं. रजा एकदा वाढली, मग आणखी एकदा. आता वाढणार नाही. मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, "जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी हजर हो. नाही झालीस तर तुझी जागा माझ्या हातात राहणार नाही." ताईला जायचं आहे, लेकीला घेऊन किंवा सध्या इथेच ठेवून, जसं जमेल तसं. एवढंच तिचं म्हणणं आहे.

हे ती घरी बोलली नाही असं नाही. पण भावोजींशी बोलायला वेळ कधी मिळणार? सकाळी कॉल, रात्री लंडनचा कॉल, मधे बँकेत कुणाकुणाला काढणार याच्या बातम्या. ती विषय काढायची, ते म्हणायचे, "बघू गं, हे एवढं क्वार्टर संपू दे." माणूस वाईट नाही. मला 'कॉम्रेड' म्हणून चिडवतात, मी आले की स्वतः चहा करतात. पण बँकेचं एक क्वार्टर, म्हणजे तीन महिने, संपलं की दुसरं सुरू होतं, हे त्यांनाही ठाऊक आहे.

शेवटी ताईने आमच्या घरात जे करतात ते केलं. पत्रक काढलं.

भाचीच्या चित्रकलेच्या वहीतला पिवळा कागद घेतला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'जाहीर आवाहन'. खाली: 'जूनमध्ये शाळा उघडते. मला त्या दिवशी वर्गात हजर व्हायचं आहे. याबाबत चर्चेसाठी या आठवड्यात एक संध्याकाळ, फोनशिवाय, मिळावी. मागणी एकच आहे आणि ती रास्त आहे.' सही केली, 'आपली, घरातली'. आणि बेसमेंटमध्ये जाऊन भावोजींच्या गाडीच्या वायपरखाली लावून आली.

मला फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही दोघी हसून हसून दमलो. जगात दुसऱ्या कुठल्या घरात बायको नवऱ्याच्या गाडीला पत्रक लावत असेल? पण ती हसता हसता एकदम थांबली आणि म्हणाली, "अगं, पण मला दुसरं येतच नाही."

पहिलं पत्रक गेलं. कॉन्डोत पहाटे गाड्या धुणारा माणूस येतो, तो वायपरखालचं सगळं काढून कचऱ्यात टाकतो, कारण तिथे फक्त जाहिराती असतात. ताईने दुसरं लिहिलं आणि गाडी धुवून झाल्यावर जाऊन लावलं. ते भावोजींना मिळालं.

त्यांना ते फार आवडलं. खरंच आवडलं. त्यांनी फोटो काढला आणि मित्रांच्या कुटुंबांचा जो आपला फोनवरचा मराठी गट आहे, त्यावर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या घरात चळवळ सुरू झाली आहे. कृपया पाठिंबा द्यावा.' दिवसभर गट वाजत होता.

'मागण्या मान्य करा, नाहीतर पुरणपोळी बंद!'

'भाऊ, लाठीमार नको, वाटाघाटी करा.'

'वहिनी, आमच्या घरी पण शाखा काढा ना.'

हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगाच्या रांगा. मी ऑफिसात बसून एकेक वाचत होते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी काही ना काही लिहिलं होतं. शाळा कधी उघडते, हे एकानेही विचारलं नाही.

त्या संध्याकाळी ताईचा फोन आला. ती चिडली नव्हती, हेच मला भयंकर वाटलं. "सगळ्यांना मजा वाटली," ती म्हणाली. "आता मी पुन्हा विषय काढला तर तो जोक जुना झाला म्हणतील." पाठीमागे भाची टीव्ही बघत होती. "माझ्या इथे राहायच्या पासवर काय लिहिलंय माहितीय ना? डिपेंडंट. दुसऱ्यावर अवलंबून. गणित शिकवणाऱ्या बाईला हे कार्ड पर्समध्ये घेऊन फिरावं लागतं." मग म्हणाली, "बरं, ठेवते, कुकर झालाय."

मी बुकित पंजांगच्या खोलीत खिडकीशी उभी राहिले. समोरच्या दोन ब्लॉकच्या मधून डोक्यावरून जाणारी छोटी एलआरटी रेल्वे येते, ती इमारतींच्या जवळ आली की तिच्या काचा आपोआप दुधाळ होतात, म्हणजे आतल्यांना लोकांची घरं दिसू नयेत. सोय चांगली आहे. पण त्या दिवशी मला वाटलं, या काचा आपण सगळ्यांनीच बसवून घेतल्यात. माझ्यासकट. पत्रकांवर वाढलेली मी इथे कशालाही काही लावत नाही. परवानगीशिवाय काही वाटत नाही, ऑफिसात मान हलवते. माझा पास कंपनीच्या हातात, ताईचा भावोजींच्या पासवर, भावोजींचा बँकेच्या हातात. एकामागे एक, बंपरला बंपर लावून.

पुढच्या रविवारी मी मरीन परेडला गेले तेव्हा जेवण चालू असतानाच चुलतभावाने गावाहून फोटो पाठवला. गाडी-टॉकीजची भिंत पाडत होते. जेसीबीने मधोमध भगदाड पाडलं होतं आणि त्यातून पलीकडचा ऊस दिसत होता. थिएटर बंद पडून खूप वर्षं झाली होती. गावात गाड्या आल्या आणि गाडी-टॉकीज ओस पडलं, ही त्या माळाची गंमत. आता तिथे लग्नाचं लॉन होणार आहे. मी फोन मधे ठेवला, चौघांनी बघितला.

"हेच का ते?" भावोजी म्हणाले. "तुम्ही दोघी ज्याचं सांगता ते?"

"तिथेच ताईने बॅटरी उतरवली होती," मी म्हटलं.

"काय उतरवली?"

"हे तुम्हाला माहीत नाही?" मी ताईकडे बघितलं. ती आमटी वाढत होती. "तू सांग," म्हणाली. "तुला जास्त रंगवून सांगता येतं."

मग मी सांगितलं. तुम्हालाही सांगते, फारसं न रंगवता.

मी दुसरीत होते, ताई सातवीत. आमची मॅटाडोर मधल्या रांगेत होती. मध्यंतर संपलं होतं, पत्रकं लावून झाली होती, आई-बाबा मागे चहाच्या गाडीपाशी कुणाशी तरी बोलत उभे होते. ताई ड्रायव्हरच्या जागेवर, कारण तिला ती जागा आवडायची. मी शेजारी शेंगा खात.

रांगांमधून एक बाई येताना दिसली. खांद्याला पिशवी. प्रत्येक गाडीपाशी थांबून काहीतरी विचारत होती आणि पुढे सरकत होती. ती गावच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. घरच्यांनी जीप काढली, चल म्हणाले, अर्ध्यात परत सोडू म्हणाले, म्हणून आली होती. रात्रपाळी होती तिची. जीप पहिल्या रांगेत. दवाखाना गावाच्या पार पलीकडे आणि अंधारात हायवेने एकटीने चालत जाणं शक्य नव्हतं. ती म्हणत होती, "दादा, जरा गाडी मागे घेता का? आमची जीप काढायचीय."

"कोण आजारी आहे का?"

"नाही हो. मला ड्युटीवर जायचंय."

"मग बसा की, बाई. तासाभरात संपतोय."

तिच्या मागोमाग तिचा दीर आला होता, हात खिशात घालून. "वहिनी, चला ना. लोक हसायला लागलेत. संपू दे की सिनेमा. दवाखाना कुठं पळून चाललाय?"

"सकाळपासून उभी आहे तिकडे दुसरी," ती म्हणाली. "मी गेल्याशिवाय तिला घरी जाता येत नाही."

मग ती आमच्या खिडकीशी आली. "बाळ, वडील कुठेत?" ताईने विचारलं, काय झालं. तिने तेच पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत, आता जरा थकून. ताईने हात पुढे केला आणि मॅटाडोरचे मोठे दिवे लावले.

गाडी-टॉकीजमध्ये हे सर्वांत मोठं पाप होतं. दिवे लागले की पडदा पुसला जायचा. भिंतीवर नायिकेचा भला मोठा चेहरा होता, तो होत्याचा नव्हता झाला आणि नुसती पांढरी भिंत उरली, तिच्यावर रंगाचे पोपडे. आवाज तेवढा चालू. सगळा माळ ओरडायला लागला.

"ए मॅटाडोर! बंद कर!"

"झोपलास का रे?"

शेंगांची टरफलं काचेवर येऊन पडली. एकाने बोनेटवर थाप मारली आणि आत बघून चकित झाला. "पोरी, वेड लागलं का? बंद कर दिवे."

"त्या बाईंना बाहेर जाऊ द्या, मग करते."

"कुणी मेलंय का?"

"नाही. कामावर जायचंय त्यांना."

तो एवढ्या मोठ्यानं हसला की बाकीचे विचारायला लागले काय झालं. हसणं रांगेरांगेने मागे गेलं. "कामावर! कामावर जायचंय म्हणे!" ताईचा हात बटणावरून निघाला नाही. मी रडायला लागले होते.

पंपवाला टॉर्च घेऊन आला. "कुणाची पोरगी ही?"

"छापखानेवाल्याची."

"मग बरोबर," तो म्हणाला आणि टॉर्च खाली केला.

आई-बाबा पळत आले. मला वाटलं आता मार बसणार. बाबांनी ताईकडे बघितलं, त्या बाईकडे बघितलं आणि बोनेटला टेकून नुसते उभे राहिले. आई मागच्या टेम्पोपाशी गेली आणि म्हणाली, "भाऊ, तुमची गाडी तेवढी मागे घ्या." भाषण नाही, घोषणा नाही. तेवढं एक वाक्य. मग पुढच्या गाडीला तेच.

शेवटच्या रांगेतला ट्रॅक्टर आधी सुरू झाला. मग त्याच्या पुढचा. माळभर इंजिनं गुरगुरायला लागली. खूप वेळ लागला. पडद्यावर काहीच नव्हतं आणि स्पीकरमधून नायिका रडत होती. शेवटी दिरालाही जीप सुरू करावी लागली. लोक काही त्या बाईसाठी हलले नाहीत, आपला सिनेमा वाया जातोय म्हणून हलले. पण हलले. जीप आमच्या बाजूने मागे मागे जात बाहेर पडली. बाई मागच्या सीटवर होती. तिने ताईकडे बघून पिशवी उचलून दाखवली, जशी शाळेला निघालेली मुलगी दप्तर दाखवते तशी. मग ताईने दिवे बंद केले आणि नायिका परत आली.

सिनेमा संपल्यावर मॅटाडोर सुरूच होईना. बॅटरी उतरली होती. ज्यांनी शिव्या दिल्या तेच लोक ढकलायला आले, कारण आम्ही हलल्याशिवाय पुढच्या रांगांना बाहेर पडता येत नव्हतं.

"देन हाऊ, मावशी?" भाचीने विचारलं. "बॅटरी डाय ऑलरेडी?"

"डाय ऑलरेडी. हायवेपर्यंत ढकलली."

भावोजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "सही आहे. पण पोचली का ती वेळेवर?"

"पोचली," ताई म्हणाली. "दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना मी मुद्दाम दवाखान्यावरून गेले. पाळी संपवून बाहेर पडत होती." तिने ताटातलं लिंबू बाजूला सारलं. "माझी शाळा जूनमध्ये उघडते. आणि मला कुणी दिवे लावू देत नाहीये, सगळे हसतायत."

भाची आमच्या तोंडांकडे बघत होती.

"तसं नाही गं," भावोजी म्हणाले. "निदान पोरीचं इथलं शाळेचं वर्ष नोव्हेंबरपर्यंत आहे, ते संपू दे..."

आणि थांबले. आपण काय म्हणालो ते त्यांच्या कानावर पडलं असावं. बराच वेळ ते फोन उलटासुलटा करत राहिले. मग कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "बँकेत काय चाललंय तुला माहितीय. उद्या मला काढलं तर पासच संपतो. आणि नाही काढलं, तरी मी रोज या घरात येऊन एकट्याने काय करू? हिला शाळेतून कोण आणणार?"

हे ते पहिल्यांदा बोलले. पत्रकाला मिळालेलं पहिलं खरं उत्तर होतं ते. मला त्यांचा राग यायला हवा होता, मी त्याच तयारीने गेले होते. पण समोर एक घाबरलेला माणूस बसला होता, ज्याच्या मागेही कुणीतरी गाडी लावून ठेवली आहे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही त्याच रांगेत आहे. ताई गेली तर माझा रविवार जातो. या शहरात जिच्याशी मी आमच्या घरच्या भाषेत भांडते अशी ती एकटीच. म्हणून मी तिच्या बाजूने इतके दिवस नुसती चिडले. चिडायला जागेवरून हलावं लागत नाही.

"शाळेतून मी आणीन," मी म्हटलं. "खोलीची नोटीस देते आणि इकडे राहायला येते. नोव्हेंबरपर्यंत."

"कॉम्रेड, तुमचं ऑफिस?"

"शाळा सुटल्यावर मुलं सांभाळणारी केअर आहे ना तिच्या शाळेत? तिथून आणीन. ऑफिसला ट्रेनने जाईन, लोक जातातच."

"तुला पोळ्या येत नाहीत," ताई म्हणाली.

"भावोजींना येतात का?"

"मलाही नाही," भावोजी म्हणाले.

"पप्पा, वी कॅन दापाओ फ्रॉम हॉकर, व्हॉट," भाची म्हणाली. बांधून आणू, म्हणजे प्रश्न मिटला, असा तिचा चेहरा होता. ताई हसली, मग उठून भांडी आत घेऊन गेली, आणि नळ बराच वेळ चालू राहिला.

मी खोलीची नोटीस दिली आहे. रांगेतली एक गाडी मागे सरली. ताईचं तिकीट अजून काढलेलं नाही. भावोजी आता 'बघू' म्हणत नाहीत, पण 'जा' असंही म्हणालेले नाहीत. रात्री बाल्कनीत उभे राहून त्या न हलणाऱ्या जहाजांकडे बघत राहतात, असं ताई सांगते. जून तोंडावर आलाय. तिकडे मुख्याध्यापिका बाई वेळापत्रक लावत असतील आणि आठवीच्या गणितापुढची जागा त्यांनी रिकामी सोडली असेल, की नसेल.

हे छापू का म्हणून मी ताईला विचारलं. ती म्हणाली, "छाप. दोनदा वायपरखाली लावलं, एकदा अंकात लागू दे." काकू, माफ करा. हलकंफुलकं जमलं नाही.

आता माझं मागणं. हा अंक बाजूला ठेवण्याआधी तुमच्या घरातल्या, शेजारच्या, रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या अशा एका बाईला विचारा, जिला कुठेतरी परत जायचं होतं: कामावर, शिक्षणाकडे, घरी. तिला तारीख विचारा. ती सांगेल तेव्हा हसू नका आणि 'संपू दे की' म्हणू नका. तिच्या वाटेतलं तुमचं काय उभं आहे ते तिलाच विचारा. तुमचा डबा असेल, तुमच्या मुलाची शिकवणी असेल, तुमचा रविवार असेल. आणि गटावर त्या पिवळ्या कागदाखाली तुम्ही हसला असाल, तर आज तिथेच ताईला एवढं एकच लिहा, शाळा कधी उघडते.

भाऊ, वहिनी, तुमची गाडी तेवढी मागे घ्या.